जिवाणूंची जनुकं कोण आवरतं, कोण चालवतं? मदतनीस प्रथिनांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातून वर्षभर प्रश्न येतात, आणि फिरून फिरून तेच येतात. बहुतेक पीयुसी सेकंड इयरच्या आणि बीएस्सीच्या मुलामुलींचे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग एकदम सगळं इंग्रजीतून. लॅक ऑपरॉनची (लॅक्टोज ही दुधातली साखर पचवणाऱ्या, एकत्र चालणाऱ्या जनुकांच्या गटाची) आकृती डोळे मिटून काढता येते, पण त्या आकृतीतल्या गोळ्यांनी नेमकं केलं काय, असं विचारलं की तिथंच घोडं पेंड खातं. काही प्रश्न सोयाबीनवाल्या शेतकऱ्यांचे आहेत, काही टीबीच्या गोळ्या सुरू असलेल्या घरांतले.

वाचताना एक सवय लावून घ्या. कुठलंही प्रथिन समोर आलं की तीन गोष्टी विचारा: ते बसतं कुठे, हात कुणाला लावतं, आणि कामाच्या कुठल्या टप्प्यावर. ‘हे ऑन करतं, ते ऑफ करतं’ एवढ्यावर थांबलात तर प्रश्न ११ च्या पुढचं काही जुळणार नाही.

१. मदतनीस प्रथिनं म्हणजे नेमकी कुठली? आरएनए पॉलिमरेज एकटं पुरत नाही का?

आरएनए पॉलिमरेज म्हणजे डीएनएवरून आरएनए बनवणारं एंझाइम. आरएनए जोडत जायला ते पुरतं. सुरुवात कुठून करायची, हे मात्र त्याला कळत नाही. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूत या एंझाइमचा गाभा पाच तुकड्यांचा असतो: दोन अल्फा, एक बीटा, एक बीटा-प्राइम आणि एक छोटा ओमेगा. परीक्षानळीत नुसता गाभा आणि डीएनए एकत्र ठेवले तर तो डीएनएच्या तुटक्या टोकांवरून, मिळेल तिथून आरएनए काढत सुटतो.

त्याला जागा दाखवणारा सिग्मा (प्रश्न २), आड येणारे रिप्रेसर (प्रश्न ४), हात देणारे ॲक्टिव्हेटर (प्रश्न ६), सिग्मालाच धरून ठेवणारे अँटी-सिग्मा (प्रश्न १३) आणि काम सुरू झाल्यावर सोबत चालणारे (प्रश्न १५), या सगळ्यांना मिळून मदतनीस म्हणायचं. ई. कोलायच्या सुमारे ४६ लाख बेस-जोड्यांच्या जीनोममध्ये ४,३०० च्या आसपास जनुकं आहेत, आणि डीएनएवर बसून त्यांचं नियमन करणारी प्रथिनं ३०० च्या घरात. वाटणी सारखी नाही. काही प्रथिनं एकाच ऑपरॉनपुरती असतात, तर सीआरपीसारखी (प्रश्न ६) शेकडो जनुकांत लुडबुड करतात.

२. सिग्मा फॅक्टर काय करतो? तो पॉलिमरेजचाच भाग आहे की वेगळा?

दोन्ही बाजूंनी बोलता येतं. सुरुवात करताना तो गाभ्याला जोडलेला असतो आणि त्या जोडीला होलोएंझाइम म्हणतात. आरएनए थोडं लांबलं की त्याची पकड ढिली होते आणि बहुधा तो सुटून जातो. १९६९ मध्ये तो सापडला तेव्हा हीच गंमत होती: पॉलिमरेज जास्त शुद्ध करावं तसं ते काही डीएनएवर कामच करेना, कारण शुद्ध करताना सिग्मा निघून जात होता.

सिग्मा डीएनएवरच्या दोन खुणा ओळखतो. प्रतिलेखन, म्हणजे डीएनएवरून आरएनए बनवणं, जिथून सुरू होतं त्याच्या साधारण ३५ आणि १० बेस-जोड्या आधीच्या. आदर्श रूपात −३५ ला टीटीजीएसीए आणि −१० ला टीएटीएएटी, मधलं अंतर १७ बेस-जोड्यांचं. एकही चूक नसलेला प्रोमोटर (म्हणजे या खुणांची जागा) ई. कोलायमध्ये सहसा मिळत नाही, आणि ते बरंच आहे. खुणा जितक्या बिघडलेल्या तितकं मदतनिसांना काम.

ई. कोलायकडे सात सिग्मा आहेत. रोजच्या कामाला सिग्मा-७०, उष्णतेच्या तडाख्यात सिग्मा-३२, उपासमारीत सिग्मा-३८, शेपटाच्या जनुकांसाठी सिग्मा-२८ वगैरे. सिग्मा-५४ ची तऱ्हा वेगळीच, ती प्रश्न १२ मध्ये.

३. प्रतिलेखनाचे टप्पे किती आणि नियंत्रण कुठल्या टप्प्यावर होतं?

होलोएंझाइम प्रोमोटरवर बसतं (बंद संकुल). मग −१० जवळ डीएनएचे धागे सुटून बुडबुडा उघडतो (खुलं संकुल). मग छोटे छोटे आरएनए बनवून टाकून देण्याचे काही प्रयत्न होतात, मग एंझाइम प्रोमोटर सोडून पुढे निघतं, लांबण चालते आणि शेवटी समाप्ती. नियंत्रण यातल्या प्रत्येक टप्प्यावर सापडतं. पेपरात एकच टप्पा लिहायचा असेल तर सुरुवातीचा लिहा.

४. लॅक रिप्रेसर पॉलिमरेजला कसं अडवतो?

१९६१ मध्ये जेकब आणि मोनो यांनी ही कल्पना मांडली तेव्हा रिप्रेसर हे प्रथिन आहे की आरएनए, हेही ठरलेलं नव्हतं. १९६६ मध्ये गिल्बर्ट आणि म्युलर-हिल यांनी ते प्रथिन वेगळं काढून दाखवलं. काम अवघडच होतं, कारण एका पेशीत ते जेमतेम दहाच्या आसपास असतात.

चार सारख्या तुकड्यांचा हा रिप्रेसर ऑपरेटरवर, म्हणजे डीएनएवरच्या त्याच्या ठरलेल्या जागी, बसतो. मुख्य ऑपरेटर ओ-१ प्रतिलेखनाच्या सुरुवातीच्या जागेलाच चिकटून आहे, म्हणजे पॉलिमरेजला जिथे टेकायचं तीच जागा अडते. पीयुसीच्या आकृतीत इथे गोष्ट संपते. प्रत्यक्षात आणखी दोन ऑपरेटर आहेत: ओ-३ वरच्या बाजूला ९२ बेस-जोड्यांवर आणि ओ-२ लॅकझेड जनुकाच्या पोटात ४०१ बेस-जोड्यांवर. रिप्रेसरचे चार तुकडे म्हणजे दोन जोड्या. एक जोडी ओ-१ धरते, दुसरी ओ-२ किंवा ओ-३ धरते आणि मधल्या डीएनएचं वेटोळं होतं. ओ-१ वरची पकड सुटली तरी दुसऱ्या जोडीमुळे रिप्रेसर जवळच राहतो आणि पुन्हा बसतो. १९९० मध्ये हे मोजलं गेलं: तिन्ही ऑपरेटर असताना दाब सुमारे १,३०० पट, ओ-२ आणि ओ-३ काढल्यावर फक्त १८ पट. दहा रेणूंत एवढं जमतं ते या वेटोळ्यामुळे.

अॅलोलॅक्टोज (लॅक्टोजपासून पेशीत बनणारा रेणू) रिप्रेसरला चिकटला की रिप्रेसरचा आकार किंचित बदलतो आणि ऑपरेटरवरची पकड ढिली पडते. रिप्रेसर नष्ट होत नाही. लॅक्टोज संपलं की तोच परत जागेवर.

५. लॅक्टोज नसताना ऑपरॉन ‘बंद’ असतो, मग पहिलं लॅक्टोज आत येतं कसं?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न, आणि अगदी रास्त. लॅक्टोज आत आणायला पर्मिएज लागतं आणि लॅक्टोजचं अॅलोलॅक्टोज करायला बीटा-गॅलॅक्टोसिडेज लागतं. दोन्ही त्याच ऑपरॉनमधून येतात. ऑपरॉन खरोखर बंद असता तर तो कधीच उघडला नसता.

रिप्रेसर अधूनमधून सुटतो, त्या क्षणी पॉलिमरेज एखाददुसरा आरएनए काढून घेतं, आणि दाबलेल्या पेशीतही या एंझाइमचे मोजके रेणू असतात. तुमच्या एनसीईआरटीच्या पुस्तकातही ऑपरॉन थोडा तरी सतत चालू असावा लागतो असं एक वाक्य आहे. ते बहुतेकांच्या अधोरेखित ओळींतून सुटतं. म्हणून ‘बंद’ लिहिण्याऐवजी ‘फार कमी दराने’ असं डोक्यात ठेवा. रिप्रेसर दर खाली आणतो, ॲक्टिव्हेटर वर नेतो.

६. सीएपी किंवा सीआरपी हे काय असतं? आमच्या पुस्तकात नाही.

पुस्तकात सकारात्मक नियंत्रणाचा उल्लेख करून ते या पातळीच्या बाहेर आहे असं म्हटलंय. सीईटीपुरतं तेवढं चालेल. डिग्रीला गेलात की पहिल्याच सेमिस्टरला गाठ पडते. सीएपी आणि सीआरपी ही एकाच प्रथिनाची दोन नावं.

लॅकचा प्रोमोटर मुळात लेचापेचा आहे. −१० ला टीएटीएएटी हवं तिथे टीएटीजीटीटी आहे. रिप्रेसर नसला तरी पॉलिमरेज तिथे फारसं टिकत नाही. पेशीत ग्लुकोजची चणचण झाली की सायक्लिक एएमपी (टंचाईचा निरोप देणारा छोटा रेणू) वाढतं, ते सीआरपीला चिकटतं, आणि ही जोडी −६१.५ च्या आसपास बसून डीएनए जवळजवळ काटकोनात वाकवते. महत्त्वाचं पुढे आहे: पॉलिमरेजच्या अल्फा तुकड्याचं टोक एका लवचीक दोरीसारख्या भागाने लोंबतं, आणि सीआरपी त्या टोकाला धरतं. ऊस भरलेली ट्रॉली चढावर अडली की मागून चारजण हात लावतात, ट्रॅक्टर तोच असतो, तसंच हे. सीआरपी एंझाइमला काही नवीन शिकवत नाही, प्रोमोटरवर टेकायला बळ देतं.

पुरावा हवा असेल तर लॅकयुव्ही-५ नावाचा बदललेला प्रोमोटर बघा. त्यात −१० ची जागा सुधारून नेमकी टीएटीएएटी झाली आहे, आणि त्याला सीआरपीची गरज जवळजवळ उरत नाही.

७. ग्लुकोज आणि लॅक्टोज दोन्ही दिलं तर ग्लुकोज आधी संपतं, ते सायक्लिक एएमपी कमी असल्यामुळेच ना?

उत्तरपत्रिकेत हे चालतं. खरी गोष्ट मात्र थोडी वेगळी निघाली. मोनोंनी १९४१ मध्ये ही दोन टप्प्यांची वाढ (आधी एका साखरेवर, मग दुसरीवर) नोंदवली. पुढे कित्येक वर्षं श्रेय सायक्लिक एएमपीला गेलं. १९९० च्या दशकात जपानी संशोधकांनी त्या दोन टप्प्यांत प्रत्यक्ष मोजमाप केलं तेव्हा सायक्लिक एएमपी आणि सीआरपीच्या पातळीत फरक फारसा नव्हता.

मुख्य अडथळा दारातच असतो. ग्लुकोज आत येत असताना त्याच्या वाहतूक यंत्रणेतलं ईआयआयए नावाचं प्रथिन फॉस्फेटविना राहतं आणि तसं राहिलं की ते लॅक्टोजच्या पर्मिएजला जाऊन चिकटतं. पर्मिएज जाम, म्हणून लॅक्टोज आत नाही, म्हणून अॅलोलॅक्टोज नाही, म्हणून रिप्रेसर जागेवरच. बाकी काही नाही बदललं तरी एवढ्याने काम भागतं.

८. प्रॅक्टिकलला ग्लुकोज आणि आयपीटीजी घातलेली नळीसुद्धा पिवळी झाली. आमचं चुकलं का?

नाही. उलट ही नळी सर्वांत जास्त शिकवते, पण जर्नलमध्ये तिच्यावर काट मारलेली असते.

प्रयोग आठवा. जिवाणू वाढवायचे, टोल्युइनचा थेंब टाकून पेशींची आवरणं सच्छिद्र करायची, मग रंगहीन ओएनपीजी घालायचं. बीटा-गॅलॅक्टोसिडेज त्याचे तुकडे करतं आणि पिवळा रंग सुटतो. ग्लिसरॉलवर आयपीटीजीसह (लॅक्टोजसारखाच ऑपरॉन उघडणारा कृत्रिम रेणू) वाढवलेली नळी बघता बघता फिक्या लिंबाची होते आणि मग गडद. सोडियम कार्बोनेट टाकलं की अभिक्रिया थांबते आणि रंग आणखी उठून दिसतो. ४२० नॅनोमीटरला वाचन घ्यायचं.

आता ग्लुकोज आणि लॅक्टोजची नळी जवळजवळ पांढरी राहते, कारण प्रश्न ७ मधला दारातला अडथळा. आयपीटीजी मात्र पर्मिएजशिवायही पेशीत शिरतं, आणि पेशी त्याला तोडूही शकत नाही. म्हणजे दारातला अडथळा निकामी. ग्लुकोजमुळे सीआरपीची मदत तेवढी कमी पडते, म्हणून रंग उतरतो, पण जात नाही. काहीच न घातलेली नळी रात्रभर ठेवली तर तीही किंचित पिवळसर होते. त्याचं उत्तर प्रश्न ५ मध्ये आहे.

९. लॅकआय म्युटंट, ऑपरेटर म्युटंट, सुपर-रिप्रेसर यात कायम गोंधळ होतो. सोपं सांगाल?

एकच गोष्ट धरा: प्रथिन फिरतं, डीएनए फिरत नाही. लॅकआय, म्हणजे रिप्रेसरचं जनुक, बिघडलं तर रिप्रेसर नाही, ऑपरॉन सतत चालू. पण दुसरी चांगली प्रत प्लाझमिडवर (डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यावर) दिली तर तिचं प्रथिन फिरत येऊन काम सावरतं. ऑपरेटर बिघडला तर त्याच्या शेजारची जनुकं सतत चालू, आणि बाहेरून कितीही चांगला ऑपरेटर दिला तरी फरक नाही. सुपर-रिप्रेसर म्हणजे अॅलोलॅक्टोज चिकटतच नाही असा रिप्रेसर. तोही फिरतो, म्हणून चांगल्या प्रतीसोबत ठेवला तरी दोन्ही ऑपरॉन दाबून टाकतो.

आणि हो, लॅकआयमधला ‘आय’ इंड्यूसरचा (ऑपरॉन चालू करणाऱ्या रेणूचा) नव्हे. दरवर्षी कुणीतरी लिहितंच.

१०. ट्रिप्टोफॅन ऑपरॉनचं उलट का?

रिप्रेसर एकटा असताना डीएनए धरू शकत नाही. ट्रिप्टोफॅन चिकटलं की धरतो. माल भरपूर असेल तर कारखाना मंद, एवढंच. लॅकमध्ये छोटा रेणू पकड सोडवतो, इथे पकड देतो. याच ऑपरॉनमध्ये आरएनएच्या घड्यांवर चालणारं आणखी एक नियंत्रण आहे. बॅसिलस सबटिलिसमध्ये तर अकरा तुकड्यांचं ट्रॅप नावाचं प्रथिन नव्या आरएनएला स्वतःभोवती गुंडाळून घेतं.

११. एकच प्रथिन रिप्रेसरही आणि ॲक्टिव्हेटरही असू शकतं का?

असतं, आणि हे दुर्मीळ नाही. प्रथिनाच्या कपाळावर रिप्रेसर की ॲक्टिव्हेटर असं लिहिलेलं नसतं. ते कुठे बसलं यावर ठरतं.

अॅराबिनोज ऑपरॉनचं अॅरासी घ्या. अॅराबिनोज नसताना त्याची जोडी एक हात जवळच्या आणि दुसरा हात दूरच्या जागी ठेवते, मधे सुमारे २१० बेस-जोड्यांचं वेटोळं पडतं आणि प्रोमोटर दबतो. अॅराबिनोज आलं की तीच जोडी दूरचा हात सोडून प्रोमोटरशेजारच्या दोन जागा धरते आणि पॉलिमरेजला मदत करते.

मला त्याहून आवडतं ते मर्आर, पारा सोसण्याची जनुकं चालवणारं प्रथिन. त्याच्या प्रोमोटरमध्ये −३५ आणि −१० मधलं अंतर १९ बेस-जोड्यांचं आहे. दोन जोड्या जास्त, त्यामुळे दोन्ही खुणा डीएनएच्या गोलाईवर एकमेकींपासून फिरलेल्या, आणि सिग्माला दोन्ही एकदम धरता येत नाहीत. मर्आर नेमकं त्या मधल्या भागावर बसतं. पारा नसताना पॉलिमरेजला बसू देतं पण पुढे जाऊ देत नाही. पाऱ्याचा आयन चिकटला की डीएनए पिळून दोन्ही खुणा ओळीत आणतं. जागा सोडलीच नाही, तरी अर्थ उलटा.

१२. सिग्मा-५४ ला वेगळं का काढतात?

कारण तो −३५ आणि −१० बघत नाही. त्याच्या खुणा −२४ आणि −१२ ला असतात, आणि त्याचं होलोएंझाइम प्रोमोटरवर येऊन नुसतं बसून राहतं. बुडबुडा आपणहून उघडत नाही. शंभर-सव्वाशे बेस-जोड्या दूर बसलेला ॲक्टिव्हेटर डीएनएचं वेटोळं करून येतो आणि एटीपी खर्च करून तो उघडतो. सिग्मा-७० ला या कामी एटीपी लागत नाही. नायट्रोजनची टंचाई सांभाळणारं एनटीआरसी आणि नत्र स्थिरीकरणाचं निफए हे असे ॲक्टिव्हेटर आहेत (प्रश्न १६).

१३. अँटी-सिग्मा म्हणजे सिग्माचा शत्रू का?

शत्रूपेक्षा राखणदार म्हणा. साल्मोनेला हा जिवाणू शेपूट बांधतो तेव्हाची गोष्ट बघा. शेपटाचा धागा फ्लॅजेलिन या प्रथिनाचा, आणि त्याची जनुकं सिग्मा-२८ वर चालतात. बुडखा आणि आकडा (शेपटाचे आधी बनणारे भाग) तयार नसताना धाग्याचे हजारो रेणू बनवून उपयोग काय? म्हणून फ्लगएम नावाचं अँटी-सिग्मा सिग्मा-२८ ला धरून ठेवतं. आकडा पुरा झाला की त्याच बुडख्यातली निर्यात नळी आता धाग्याचा माल बाहेर पाठवू लागते, आणि फ्लगएमही तिच्यातूनच पेशीबाहेर टाकलं जातं. सिग्मा-२८ मोकळा, फ्लॅजेलिन सुरू. बांधकाम कुठवर आलं, हे पेशीला वेगळं मोजावं लागत नाही.

१४. डीएनएला न शिवता नियंत्रण करणारी प्रथिनं आहेत का?

अँटी-सिग्मा तर आहेतच. दुसरं ठळक उदाहरण डीकेएसए. पॉलिमरेजच्या कुशीत एक दुय्यम बोगदा आहे, ज्यातून कच्चा माल आत येतो. डीकेएसए त्यात बोट घालून बसतं. सोबत पीपीजीपीपी नावाचा छोटा रेणू असतो. अमिनो आम्लं संपली, रायबोसोममध्ये (प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रात) अमिनो आम्लाविना रिकामा टीआरएनए शिरला, की रेलए हे एंझाइम पीपीजीपीपी बनवतं. १९६९ मध्ये कॅशेल आणि गॅलंट यांना क्रोमॅटोग्रामवर हे अनपेक्षित ठिपके दिसले आणि त्यांना ‘जादूचे ठिपके’ असंच नाव पडलं.

दोघं मिळून खुलं संकुल सगळीकडेच थोडं डळमळीत करतात. मग फटका फक्त काहींनाच का? रायबोसोमल आरएनएच्या प्रोमोटरचं खुलं संकुल मुळातच क्षणभंगुर असतं, ते कोसळतं. ज्यांचं पक्कं असतं त्यांना जाणवतही नाही. अमिनो आम्लं बनवणाऱ्या काही प्रोमोटरांचा तर दर वाढतो. एकच धक्का, पण कोण पडणार ते प्रोमोटरच्या स्वतःच्या घडणीवर. तीन प्रश्नांतला ‘कुठल्या टप्प्यावर’ हा इथे उपयोगी पडतो.

१५. एकदा आरएनए सुरू झाला की मग नियंत्रण संपलं?

नाही. ई. कोलायमध्ये पॉलिमरेज सेकंदाला चाळीस-पन्नास न्यूक्लिओटाइडच्या वेगाने जातं, मधे अडखळतं, कधी मागे सरकतं. मागे सरकून अडकलं की ग्रेए आणि ग्रेबी त्याच दुय्यम बोगद्यातून (प्रश्न १४) आत जाऊन बाहेर आलेलं आरएनएचं टोक कापायला लावतात. न्यूसए थांबे लांबवतं. न्यूसजी एका टोकाने पॉलिमरेजला धरतं आणि दुसऱ्या टोकाने रायबोसोमला किंवा ऱ्होला. अतिनील किरणांनी डीएनए बिघडून पॉलिमरेज अडकलं तर एमएफडी त्याला ढकलून काढतं आणि दुरुस्तीवाल्यांना बोलावतं.

ऱ्हो हे सहा तुकड्यांचं कडं, तेही १९६९ चंच. सी जास्त असलेल्या मोकळ्या आरएनएवर ते चढतं आणि एटीपी खर्चत पॉलिमरेजच्या मागे धावतं, गाठलं की आरएनए सोडवतं. रायबोसोम मागोमाग असेल तर त्याला चढायला जागा मिळत नाही. म्हणून ज्या आरएनएचं भाषांतर (त्यावरून प्रथिन बनणं) होत नाही तोच जास्त करून ऱ्होच्या तावडीत सापडतो.

आरएफएएच हे न्यूसजीचं भाऊबंद, पण विचित्र. ऑप्स नावाच्या खुणेपाशी ते पॉलिमरेजवर चढतं आणि आरएफएएचचा स्वतःचा अर्धा भाग अल्फा हेलिक्सची घडी मोडून बीटा पट्ट्यांची नवी घडी घालतो. एकाच साखळीच्या दोन घड्या. २०१२ मध्ये हे दाखवलं गेलं.

१६. आमच्या सोयाबीनच्या मुळावर गाठी येतात, त्याचा याच्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. सोयाबीनची मुळं जेनिस्टीन, डायड्झीन अशी द्रव्यं मातीत सोडतात. ब्रॅडीरायझोबियम जिवाणूत नॉडडी नावाचं प्रथिन गाठीच्या जनुकांशेजारी असतं. ही द्रव्यं मिळाली की नॉडडी त्या जनुकांचं प्रतिलेखन वाढवतं, जिवाणू नॉड फॅक्टर हा खुणेचा रेणू बनवतो, आणि तो ओळखून मुळाचा केस वाकतो, जिवाणूला आत घेतो.

नत्र लगेच मिळत नाही. नत्र स्थिर करणारं एंझाइम ऑक्सिजनने मरतं. गाठ नखाने फोडून बघा: आत गुलाबी-लाल असेल तर ती चालू आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, जे ऑक्सिजन धरून ठेवून आतली पातळी खूप कमी ठेवतं. ती कमी झाल्याची वर्दी फिक्सएल प्रथिन फिक्सजेला देतं, आणि दुसऱ्या साखळीतून निफए कामाला लागतं, जे सिग्मा-५४ चा बुडबुडा उघडतं (प्रश्न १२). ब्रॅडीरायझोबियमचं निफए स्वतःही ऑक्सिजन सहन करत नाही. म्हणजे चुकीच्या वेळी सुरू व्हायला दोन-दोन आडकाठ्या. आत पांढरी किंवा हिरवट गाठ दिसली तर ती कामाची नाही.

१७. हरभऱ्याचं रायझोबियमचं पाकीट उरलंय, सोयाबीनच्या बियाण्याला लावू का? आणि युरिया टाकल्यावर गाठी कमी का होतात?

लावू नका. हरभऱ्याचा जिवाणू वेगळा, मेसोरायझोबियम. त्याचं नॉडडी ज्या द्रव्यांना ओळखतं ती वेगळी, आणि नॉड फॅक्टरची घडणही वेगळी. सोयाबीनसाठी सोयाबीनचंच पाकीट घ्या, गुळाच्या पाण्यात कालवा, बी सावलीत सुकवा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी.

युरियाचं म्हणाल, तर तो बराचसा झाडाचा निर्णय. आयतं नत्र मिळालं की झाडच गाठी आवरतं. त्याचा दोष जिवाणूच्या रिप्रेसरला देऊ नये.

१८. दही लागताना दुधातल्या लॅक्टोजवर हाच लॅक ऑपरॉन चालतो का?

नाव तेच, गाडा वेगळा. दह्यातल्या लॅक्टोकॉकसमध्ये लॅक्टोज आत येतानाच फॉस्फेट लागून येतं. तिथला रिप्रेसर लॅकआर अॅलोलॅक्टोज ओळखत नाही, तो टॅगॅटोज-६-फॉस्फेट ओळखतो. ही जनुकं पुष्कळदा प्लाझमिडवर असतात. सायक्लिक एएमपी आणि सीआरपीचाही पत्ता नाही. त्यांचं काम सीसीपीए नावाचं प्रथिन करतं, आणि साखर भरपूर असताना ते बहुधा दाबण्याचं काम करतं. दह्यातलाच स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस तर ग्लुकोजपेक्षा लॅक्टोज पसंत करतो. प्रश्न ७ त्याला लागूच होत नाही.

१९. टीबीच्या गोळ्यांनी लघवी केशरी होते. ती गोळी या पॉलिमरेजवरच काम करते ना?

होय, तो रंग रिफाम्पिसिनचा आणि त्याने घाबरायचं कारण नाही. हे औषध जिवाणूच्या पॉलिमरेजच्या बीटा तुकड्यात, नव्या आरएनएच्या वाटेवर बसतं. एंझाइम प्रोमोटरवर बसतं, बुडबुडाही उघडतो, पण आरएनए दोन-तीन न्यूक्लिओटाइडच्या पुढे वाढत नाही. आपल्या पेशींच्या पॉलिमरेजवर ते असं बसत नाही.

बीटाचं जनुक आरपीओबी. त्यातल्या ८१ बेस-जोड्यांच्या एका पट्ट्यात बदल झाला की औषध बसत नाही, आणि सीबीनॅट चाचणी तोच पट्टा तपासते. क्षयाच्या जिवाणूकडे १३ सिग्मा आहेत. शिवाय आरबीपीए आणि कार्डी हे दोन मदतनीस ई. कोलायमध्ये मिळतच नाहीत. या जिवाणूचं खुलं संकुल कच्चं असतं, आणि हे दोघं ते टिकवून धरतात. गोळ्या मधेच सोडायच्या की नाही, हा प्रश्न इथे विचारायचा नाही. सोडायच्या नाहीत.

२०. इंड्यूसर अर्धाच दिला तर सगळ्या पेशी अर्ध्या चालतात की अर्ध्या पेशी पूर्ण चालतात?

ज्याने हे विचारलं त्याला पैकीच्या पैकी. १९५७ मध्ये नोव्हिक आणि वायनर यांनी टीएमजी नावाचा, न तुटणारा इंड्यूसर अगदी कमी मात्रेत देऊन पाहिलं. उत्तर दुसरं निघालं: काही पेशी पूर्ण जोरात, बाकीच्या जवळजवळ शून्यावर, मधलं कुणी नाही.

कारण पर्मिएज. एखाद्या पेशीत रिप्रेसर पूर्ण सुटून थोडं जास्त पर्मिएज बनलं की इंड्यूसर भराभर आत येतो, त्याने आणखी पर्मिएज बनतं. ज्या पेशीत ही सुरुवातच झाली नाही ती मागेच राहते. पर्मिएज नसलेल्या पेशींना आयपीटीजी देऊन बघितलं तर मात्र सगळ्या पेशी मात्रेप्रमाणे थोड्या थोड्या चालतात. म्हणजे ‘सगळं किंवा काहीच नाही’ हा रिप्रेसरचा गुण नव्हे, फेऱ्यात अडकलेल्या पर्मिएजचा आहे.

२१. लॅकआय पण नाही आणि सीआरपी पण नाही, अशा पेशीत बीटा-गॅलॅक्टोसिडेज किती बनेल? आमच्यात यावरून भांडण झालं.

थोडंच बनेल, लॅक्टोज असो वा नसो. रिप्रेसर नाही म्हणून आडकाठी नाही, पण लेचापेच्या प्रोमोटरला हात द्यायलाही कुणी नाही (प्रश्न ६). पूर्ण दाबलेल्या पेशीपेक्षा जास्त, पूर्ण चाललेल्या पेशीपेक्षा खूप कमी. त्याच पेशीत लॅकचा प्रोमोटर बदलून लॅकयुव्ही-५ घातला तर मात्र भरपूर बनेल, ग्लुकोज घातलं तरीही.